ओवाद्याला कोण नेणार

सना, ९ मार्हेश्वान

दाऊद,

तुझ्यावर आणि तुझ्या घरावर शांती असो. अक्षर ओळखलं असशीलच. फाडण्याआधी निदान खालपर्यंत वाच.

आपल्या शमाचा नवरा मूसा गेला. सकाळी चाकावर माती चढवत होता, छातीत कळ आली आणि तसाच ओल्या मातीवर ओणवा झाला. ओवाद्या शेजारी बसला होता. त्याला वाटलं, बाप थट्टा करतोय. तो हसत राहिला. शमा आतून ओरडली, "एवढं काय खिदळताय दोघं?" तेव्हा कुठे कळलं.

आम्ही त्याला आवाज न करता पुरलं. शमाला मी सांगितलं, रडायचं तर तोंडात पदर धरून रड. बाहेर म्हटलंय की मूसा हुदैदाला गेलाय, लवकर येत नाही. का, ते तुला सांगायला नको. तुर्क होते तोवर तो कायदा झोपलेला होता. ते गेले आणि तो उठून बसला. बाप मेलेलं यहुदी पोर सरकारचं. ते नेतात, खाऊपिऊ घालतात आणि आपल्या धर्मात वाढवतात. मागच्या वर्षी मोहल्ल्यातल्या रंगाऱ्याच्या दोन मुली गेल्या. त्यांची आई अजून त्यांची अंथरुणं घालते.

सनात ओवाद्याला सगळे ओळखतात. धमारला कुणी ओळखत नाही. आणि दाऊद, कसं लिहू? तुझा हारून याच वयाचा होता. तो आजोळी गेलेला असताना वारला, आणि त्याचं नाव कधी एखाद्या पोरक्याच्या कामी यावं म्हणून तुम्ही धमारात ते बाहेर कळू दिलं नाही, असं मला एका खेचरवाल्यानं सांगितलं. ओवाद्या तुझ्याकडे आला तर लोक म्हणतील, हारून आजोळाहून परतला. पोर वाचेल. हारून गेल्याचं कळलं तेव्हा मी तुला पत्र लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही.

फक्त दोन गोष्टी. गूढग्रंथ न मानणाऱ्या तुमच्या पक्षाच्या खाटकानं कापलेलं मांस त्याला देऊ नकोस. आणि रोज पहाटे त्यानं गूढग्रंथाचं एक पान म्हणावं. मी त्याला शिकवलंय. मोडू नकोस.

तुझा भाऊ,
जखर्या

*

धमार, १७ मार्हेश्वान

जखर्यादादा,

पत्र खालपर्यंत वाचलं. मूसाच्या बातमीपाशी थांबलो आणि उठून दुकान बंद केलं. तो माझ्याशी कधी भांडला नाही. सबंध सनात तेवढा एकच.

नदराला सांगितलं तेव्हा ती चांदीच्या तारा उकळत्या पाण्यात टाकत होती. हातातल्या तारा बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "हारूनचे कपडे मी देऊन टाकलेले नाहीत." एवढंच. तिनं पेटी उघडून ते उन्हात घातले. आता बोल, आणखी काय उत्तर हवंय?

शेख नाजी माझं गिऱ्हाईक आहे. त्याच्या बायकोच्या पैंजणांपासून खंजिराच्या मुठीपर्यंत सगळं मी घडवलंय. त्याला मी खरं ते सांगितलं. म्हणाला, "तुझ्या भाच्याला माझ्या माणसांबरोबर आण. माझ्या खेचरावर बसलेल्या पोराला वाटेत कुणी नाव विचारत नाही." एक मुसलमान शेख अट न घालता पोर न्यायला तयार आहे. आणि माझा सख्खा भाऊ मला दोन अटी घालतो!

मांसाचं म्हणशील तर, माझा खाटीक तोच सुरा, तोच मंत्र, तीच धार वापरतो. आपल्या वडिलांनी त्याला परवाना दिला होता. आणि ते पान? ते माझ्या घरात म्हटलं जाणार नाही. कुणीतरी परमुलखात बसून मागाहून रचलं आणि प्राचीन आचार्यांच्या नावावर खपवलं. देवाला दहा तुकड्यांत वाटणारं पुस्तक मी पोराच्या तोंडी घालणार नाही. तो माझ्याकडे व्याकरण शिकेल, धर्मशास्त्र शिकेल, चांदी गाळायला शिकेल.

पोराला पाठव. अटी तिथेच ठेव.

दाऊद

*

सना, २५ मार्हेश्वान

दाऊद,

तू बदलला नाहीस. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी तू आधी त्याच्या वाक्यातलं व्याकरण सुधारशील.

"मागाहून रचलं" म्हणे! आपले बाबा तो ग्रंथ छातीवर घेऊन झोपत. मी त्याच्या दोन प्रती हातानं उतरवल्यात, बोटांची हाडं वाकडी झाली. त्यात काय आहे हे तू रागाशिवाय कधी वाचलंच नाहीस. सृष्टीच्या आरंभी तेज इतकं होतं की भांड्यांत मावलं नाही. भांडी फुटली, ठिणग्या सांडल्या. आपण मनापासून उच्चारलेला एकेक शब्द त्यातली एक ठिणगी उचलून जागेवर ठेवतो. मूसा गेल्यापासून मला उभं राहायला तेवढीच जमीन आहे. ओवाद्याकडून तीही काढून घेऊ? बाप गेला, घर जाणार, नाव जाणार. त्याच्या स्वतःचं म्हणून काय राहणार?

मी मनस्सागुरुजींना विचारलं. आमच्या प्रार्थनागृहात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. ते म्हणाले, "जखर्या, देह वाचवून आत्मा दुसऱ्या खड्ड्यात टाकायचा नसतो. तुझ्या भावाकडून लेखी घे, मग पोर दे." मी काय बोलणार?

घाई करण्यासारखं काही नाही. कायद्याचा अंमलदार आळशी आहे, चौकीवर बसून कॉफीच्या सालींचं किश्र पितो. त्याला मोहल्ल्यात यायला नको वाटतं, आमच्या गल्ल्यांत त्याचे बूट रुततात. ओवाद्या माझ्या शाळेत इतर मुलांबरोबर बसतो. पुस्तक एक आणि पोरं सात, म्हणून तो उलट्या बाजूनं वाचायला शिकलाय आणि सरळ बसलेल्यांच्या पुढे असतो. शमा बरी आहे. तुला नमस्कार सांगते.

दोन ओळी लिहून दे. तुला एवढं जड का जावं?

जखर्या

*

धमार, ४ किस्लेव

गुरुजी,

दादा म्हणायचं होतं, पण दादाचं पत्र आलंच नाही. मनस्सागुरुजींच्या कारकुनाचं आलं.

ठिणग्या उचलत बसा तुम्ही. इथे एक अख्खं पोर जमिनीवर पडलंय, ते कुणी उचलायचं?

लेखी हवंय? मलाही हवंय. बाबांच्या दफनाच्या दिवशी मी कद्दिशची प्रार्थना म्हणायला उभा राहिलो. धाकटा असलो तरी मुलगाच होतो ना? तुमच्या मनस्सागुरुजींनी माझी शाल मागून ओढली आणि म्हणाले, "नास्तिकाची प्रार्थना मेलेल्याला खाली ओढते." शाल फाटली. साऱ्या लोकांनी पाहिलं. तू पाहिलंस आणि पुढचा शब्द म्हणत राहिलास. मी त्याच आठवड्यात धमारला निघून आलो, ते अजून इथेच आहे. त्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहावं की ते चुकलं. मग मीही लिहीन, हवं ते लिहीन.

मांसाचं मिटवतो. पोर घरात असेपर्यंत आम्ही कुणीच मांस खाणार नाही. नदरा म्हणते मेथीचं हिल्बे आणि भाकरी पुरे. पण ते पान नाही. दादा, मी हट्टानं म्हणत नाही. ज्यावर माझा विश्वास नाही ते मी पोराच्या तोंडून रोज पहाटे ऐकायचं आणि मान डोलवायची, हे मला जमणार नाही. तुला खोटारडा भाऊ चालेल का?

नाजीची माणसं दर पंधरवड्याला सनाला धान्य घेऊन येतात. परवाची खेप रिकाम्या खेचरानं परत आली.

मनस्सागुरुजींचं लिहिणं मिळव. मी वाट पाहतो.

दाऊद

*

सना, १० किस्लेव

दाऊद मामा,

हे पत्र आई सांगते आणि मी लिहितो. मोठ्या मामाला माहीत नाही. आई म्हणाली की ती सांगेल तेच लिही, स्वतःचं घालू नकोस.

आई म्हणते, दाऊद, देव तुला जिवंत ठेवो, तू आणि जखर्या दोघं माझ्यापेक्षा शहाणे. दोघांनी एवढी पुस्तकं वाचली की मला चूल पेटवायलाही तुमच्यापुढे लाज वाटायची. आता नाही वाटत. आता मला वाटतं की एकेकाच्या थोबाडीत द्यावी. हे लिहू नकोस रे. (मामा, मी लिहून टाकलं होतं.)

आई म्हणते, मनस्सागुरुजींनी मला बोलावलं. मी दाराबाहेर उभी. आतून म्हणाले, मुलगा धर्मभ्रष्टांकडे पाठवायचा नाही. मी म्हटलं, मग तुम्ही ठेवून घ्या. ते म्हणाले, आमच्या घरात झडती झाली तर? मी म्हटलं, मग कुठे पाठवू? ते म्हणाले, विचार चालू आहे. मग पिन्हासगुरुजींकडे गेले, तुझ्या पक्षाचे ते. त्यांनी आत बसवलं, मनुका दिल्या आणि म्हणाले, दाऊदनं झुकता कामा नये, हा आता एकट्या दाऊदचा प्रश्न नाही. दाऊद, माझा मुलगा प्रश्न कधी झाला?

आई म्हणते, चौकीवरचा माणूस दोनदा येऊन गेला. विचारतो, मूसा हुदैदाहून काय घेऊन येणार? मी म्हटलं मीठ. तो हसला. ते हसू चांगलं नव्हतं.

आई म्हणते, पान वाचू दे की नको वाचू दे, मांस दे की गवत दे. कानांवरची झुलपं कापून टाक, मुलगी म्हणून वाढव. पण ये. तू स्वतः ये. दुसऱ्या कुणाबरोबर ते मला पाठवू देणार नाहीत. तू दारात उभा राहिलास तर मी त्याला तुझ्या हातात देईन आणि दोघांना तोंडावर सांगेन की मी दिला.

आईचं संपलं. आता ती पीठ चाळते आहे, म्हणून मी माझं लिहितो. मोठा मामा शिकवताना मधेच थांबतो आणि भिंतीकडे बघतो. मग आम्ही मुलं हळू बोलतो. मला हारूनचं नाव घ्यावं लागेल हे मला माहीत आहे. मी सराव करतो. कुणी ओवाद्या म्हटलं की मी वळत नाही. तो डावखुरा होता का? तसं असेल तर मी तेही शिकेन.

ओवाद्या

*

धमार, १५ किस्लेव

जखर्यादादा,

शमाचं पत्र मिळालं. तू लिहिलं होतंस की ती बरी आहे, नमस्कार सांगते. असो.

मी येतोय. शब्बाथ संपला की निघतो, रविवारी उजाडताच. नाजीची दोन माणसं बरोबर आहेत. मनस्सागुरुजींनी काही लिहून द्यायला नको. शाल जुनीच होती. पान म्हणायचं तर म्हणू दे, मी तेवढा वेळ अंगणात जाऊन उभा राहीन.

ओवाद्याला सांग, हारून उजव्या हातानंच लिहायचा. आणि त्याचं अक्षर इतकं चांगलं नव्हतं.

हे पत्र आणणारा माणूस माझ्या आधी पोचेल. मी येईपर्यंत पोराला बाहेर काढू नकोस. कुणाशी बोलू नकोस. तुझ्या लोकांशीही नको, माझ्या लोकांशीही नको.

दाऊद

*

सना, २० किस्लेव

दाऊद,

हे पत्र घेऊन जाणारा तुला माबरच्या सराईत गाठेल. तिथूनच परत फिर. पुढे येऊ नकोस.

ओवाद्याला नेलं.

तुझं पत्र मला शुक्रवारी मिळालं. मी कुणाशी बोललो नाही, तुझा शब्द पाळला. पण बोलायचं ते आधीच बोलून झालं होतं. शब्बाथच्या सकाळी प्रार्थना आटोपून लोक गल्लीत उतरले. समोरून पिन्हासगुरुजींची मंडळी येत होती. त्यांच्यातला कुणी म्हणाला, "एक पोर वाचवायचं तर यांना चिठ्ठी लागते!" आमच्यातला कुणी म्हणाला, "तुमच्याकडे पाठवण्यापेक्षा…" आणि वाक्य पुरं केलं नाही. मग शाली ओढल्या गेल्या. पन्नास माणसं गल्लीत, शब्बाथच्या दिवशी, एकमेकांच्या दाढ्या धरून. मी मधे पडायला धावलो. मनस्सागुरुजी पायरीवरून ओरडले, "मूसाचं पोरकं पोर तुमच्या दाऊदच्या पदरात टाकणार नाही म्हणजे नाही!"

दाऊद, मूसा हुदैदाला गेला होता. पोरकं म्हणाले ते. उघड्या गल्लीत. खालच्या टोकाला दोन मुसलमान पखालवाले उभे होते, त्यांच्यामागे बाजाराला निघालेली माणसं. क्षणात सगळी गल्ली गप्प झाली. त्या शांततेनंच उरलेलं सांगितलं.

मी शमाच्या घराकडे पळालो. मडकी भाजायच्या भट्टीत लपवू म्हटलं, तिचं तोंड मूसा गेल्यापासून लिंपलेलं होतं. तेवढ्यात ते आले. अंमलदार आरडाओरडा करत आला नाही. ओवाद्यापुढे उकिडवा बसला आणि विचारलं, "तुझं नाव काय?" पोर म्हणालं, "हारून." "बापाचं?" "दाऊद, धमारचा." किती स्पष्ट म्हणालं! अंमलदार म्हणाला, "हुशार आहे," आणि त्याचा हात धरला. तेवढ्यात शमानं किंकाळी फोडली, "ओवाद्या!" आणि पोर वळलं.

तुझं नाव आता त्यांच्याकडे आहे. पोर लपवण्याचा कट कुणाचा, असं विचारत आहेत. तू आलास तर तुला धरतील, तुझ्या मुलींचं काय होईल? परत फिर.

जखर्या

*

धमार, ४ तेवेत

दादा,

माबरला तुझं पत्र हातात पडलं तेव्हा मी पोरासाठी दुसरं खेचर निवडत होतो, चालायला शांत असलेलं. नाजीच्या माणसांनी मला धरून परत आणलं. मी सनाच्या वाटेला लागलो होतो.

नाजी स्वतः अमिलाकडे, सरकारच्या बड्या अधिकाऱ्याकडे, गेला. परत येऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला. म्हणाला, "पोर वाटेवर असतं तर माझं होतं. भिंतीच्या आत गेलं, आता माझा शब्द बाहेर राहतो." मग म्हणाला, "दाऊद, तुम्ही इतके दिवस काय करत होता?" मी त्याला काय सांगू? आम्ही पत्रं लिहीत होतो?

नदरानं ते कपडे अजून दोरीवरून काढलेले नाहीत. मला हात लावू देत नाही.

पिन्हासगुरुजींचं पत्र आलं. लिहितात, "तुम्ही तत्त्व सोडलं नाही, याचा समाजाला अभिमान आहे." मी ते चुलीत घातलं. दादा, तत्त्व मी सोडलं होतं. पण उशिरा सोडलं, हे त्यांना कळलेलं दिसत नाही.

शमा कशी आहे? या वेळी खरं लिही.

दाऊद

*

सना, ११ श्वात

दाऊद,

खरं लिहितो.

अनाथांचा वाडा शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. शमा सकाळी जाते आणि भिंतीलगत बसते. थंडीत बोटं फुटली आहेत तिची. आधी पहारेकरी हाकलायचा, आता हाकलत नाही. तिथे ताकिया नावाची स्वयंपाकीण आहे, म्हातारी, पोटचं मूल नाही. तिनं एकदा शमाला आत घेऊन जात्यावर बसवलं. म्हणाली, "दळता दळता बघ. बोलायचं नाही." शमानं पाहिलं. झुलपं कापली आहेत. त्याला अब्दुल्ला म्हणतात. मारत नाहीत, जेवण पोटभर देतात. मुलांच्या रांगेत तो पाठांतर करत होता, आणि चांगलं करत होता, असं ती ताकियानं सांगितलेलं मला सांगत होती. मला म्हणजे भिंतीला. माझ्याकडे ती पाहत नाही.

मी एकदा म्हटलं, "शमा, माझं ऐक, देवाच्या मनात…" ती म्हणाली, "दादा, देवाच्या मनात काय आहे ते तुला माहीत असतं. चौकीवाल्याच्या मनात काय आहे ते मात्र कळलं नाही." आणि आत निघून गेली.

मीही गेलो होतो भिंतीपाशी. ती नसताना. मुलं पाणी भरायला बाहेर आली. तो होता. मी मान खाली घातली. मला वाटलं, त्यानं हाक मारली तर काय करायचं. त्यानं मला पाहिलं, नक्की पाहिलं. हाक मारली नाही. घागर उचलली आणि गेला. त्याला वाटलं असेल की आपण ओळख दाखवली तर मामा अडचणीत येईल. किंवा तसं काही वाटलं नसेल. मी तेव्हापासून हेच दोन अर्थ उलटसुलट लावतो आहे. सबंध जन्म ओळींमधले छुपे अर्थ लावण्यात गेला, आणि एका पोराच्या नजरेचा लागत नाही.

शाळेत आता तीनच मुलं येतात. आया म्हणतात, ज्यानं सख्खा भाचा… पुढचं माझ्यासमोर बोलत नाहीत. पहाटे मी ग्रंथ उघडतो. अक्षरं दिसतात. दुसरं काही होत नाही.

जखर्या

*

सना, २७ अदार

दाऊद,

शमा तिकडे गेली.

पुरीम सणाच्या आदल्या दिवशी ताकियाबरोबर काझीपुढे उभी राहिली आणि त्यांचा धर्म घेतला. आता तिला वाड्यात राहायला जागा दिली आहे, जात्याच्या खोलीत. रोज मुलाला पाहते, त्याच्या हातावर भाकर ठेवते. निघताना घरातली सगळी भांडी धुऊन पालथी घातली होती. किल्ली माझ्या उंबऱ्यावर ठेवून गेली. मी आत होतो. हाक मारली असती तर मी दार उघडलं असतं. दाऊद, उघडलं असतं ना मी?

दुसऱ्या दिवशी मनस्सागुरुजींनी पिन्हासगुरुजींना निरोप धाडला आणि ते आले. तू ऐकतोस ना? ते आले. एका गालिच्यावर बसले. किश्र आलं, भाजलेले दाणे आले. इतक्या वर्षांत जे दोघं एकमेकांच्या विहिरीचं पाणी पीत नव्हते ते एका ताटलीतून दाणे खात होते. एकानं एक वचन काढलं, दुसऱ्यानं त्याला दुजोरा दिला. जो समाज सोडतो त्याच्यासाठी शोक करायचा नाही, वस्त्र फाडायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. तिचं नाव उच्चारायचं नाही. किश्र निवायच्या आत कागद झाला. खाली दोघांच्या सह्या, एकाखाली एक. पिन्हासगुरुजी निघताना म्हणाले, "चला, एका गोष्टीत तरी एकवाक्यता झाली." आणि मनस्सागुरुजींनी त्यांना दारापर्यंत पोचवलं.

हा कागद सगळ्या गावांना जाणार आहे. धमारलाही येईल.

जखर्या

*

धमार, १० निसान

दादा,

कागद आला.

वरून दोन सह्या, आणि तिसरी तुझी. अक्षर सुंदर आहे, नेहमीसारखं. तू ते मला लिहिलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. तू सही केली नसतीस तर उरलेली तीन मुलंही शाळेतून गेली असती, आणि मेल्यावर तुला चार माणसं मिळाली नसती. मला हे ठाऊक आहे, कारण मीही हाच हिशेब केला. माझ्या दोन मुली लग्नाच्या आहेत. कागद घेऊन आलेला माणूस माझ्याच दुकानात बसला होता, कौतुकानं कंकणं बघत. म्हणाला, "तुमचीच बहीण, म्हणून तुमची सही विशेष." मी शास्त्र काढून पाहिलं. त्यात तसंच लिहिलंय, शंकेला जागा नाही. तुझ्या खाली मी सही केली. बाबांच्या घराच्या वाटणीनंतर आपली नावं एका कागदावर पहिल्यांदाच आली.

घरी आलो. स्वयंपाकघरात नदरा जमिनीवर बसली होती, चूल विझलेली. अंगरख्याचा गळा छातीपर्यंत टरकावलेला. मांडीवर हारूनचे कपडे. मी म्हटलं, "कोणासाठी बसलीस?" म्हणाली, "शमासाठी. आणि दोन्ही पोरांसाठी. हारूनच्या वेळी तुम्ही लोकांनी मला रडू दिलं नाही, बाहेर कळेल म्हणून."

मी म्हटलं, "नदरा, हे मना आहे. मी आत्ताच सही करून आलो."

तिनं वर पाहिलं नाही. मी दारातच उभा होतो. मला तिच्या शेजारी बसायचं होतं, दादा. पण मागे अंगणात तो माणूस माझी वाट पाहत उभा होता, त्याला जेवायला बोलावलं होतं मी.

नदरा म्हणाली, "बसायचं असेल तर बसा. नाहीतर उजेड अडवू नका."

मी बाजूला झालो.

दाऊद